तुरटीचा खडा

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाआधी दाढी उरकून घ्यायची आणि मग हनुवटीवरून तुरटीचा ओला खडा फिरवायचा, हा आमच्या वडिलांचा परिपाठ. तो माझ्याकडे वारशाने आला आहे. घरातली तरुण मंडळी बाटलीतले सुवासिक पाणी वापरतात आणि माझ्या खड्याकडे पुराणवस्तूसंग्रहालयातून आणल्यासारखे पाहतात. पाहोत बापडी! मला मात्र हा खडा हातात घेतला की एका डच शास्त्रज्ञाची आठवण होते. अशाच तुरटीच्या स्फटिकाने त्याला १९३६ साली दगा दिला, आणि ज्या शोधासाठी पुढे इतरांच्या गळ्यात नोबेल पारितोषिकाची माळ पडली, तो शोध त्याच्या हातातून निसटला. त्याचे नाव कॉर्नेलिस गॉर्टर.

शोधाचे नाव सांगायचे तर अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनाद असे भारदस्त शब्द उच्चारावे लागतात. पण वाचकांनी बिचकू नये. हल्ली घरटी एक तरी माणूस एमआरआयच्या बोगद्यात जाऊन आलेला असतो. तो एमआरआय याच शोधाचा धाकटा भाऊ. त्याच्या नावात आरंभी अणुकेंद्राचा ‘एन’ही होता, पण ‘न्यूक्लिअर’ म्हटले की रोग्यांना अणुबाँब आठवतो, म्हणून तो गाळला गेला. दोन वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्यासाठी मी त्या बोगद्यात पडलो होतो. बाहेरून तंत्रज्ञ मुलगी सांगत होती, “आजोबा, अजिबात हलू नका हं.” आणि मी त्या ठकठकाटात निपचित पडून गॉर्टरचाच विचार करीत होतो.

मुळात गोष्ट काय आहे ती थोडक्यात सांगतो. हायड्रोजनच्या अणूचे केंद्र म्हणजे एक प्रोटॉन. हा प्रोटॉन फिरत्या भोवऱ्यासारखा वागतो, आणि शिवाय तो एक चिमुकला चुंबकही असतो. भोवरा कलला तरी लगेच पडत नाही, मान डोलवत घुमत राहतो, हे आपण सगळ्यांनी लहानपणी अंगणात पाहिले आहे. प्रोटॉनला जोरदार चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवले की तोही असाच मान डोलवतो. किती वेगाने, तर चुंबकाचा जोर जितका, तितक्या प्रमाणात. साधारण सात हजार गॉसच्या चुंबकात तो सेकंदाला सुमारे तीन कोटी वेळा डोलतो. रेडिओच्या लहरींचा हाच वेग. तेव्हा त्याच तालाची रेडिओलहर त्याच्यावर सोडली, तर झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेल्या झोक्याप्रमाणे ती लागू पडते आणि प्रोटॉन तिच्यातली शक्ती शोषून घेतो. ताल जरा चुकला की काही नाही. हा अनुनाद. प्रोटॉनप्रमाणेच लिथियम, सोडियम, फॉस्फरस, अॅल्युमिनियम अशा कितीतरी मूलद्रव्यांची केंद्रे डोलतात, आणि प्रत्येकाचा ताल वेगळा.

गॉर्टरने ही गोष्ट घन पदार्थात पकडायचे ठरवले. त्याने लिथियम फ्लोराइडचे आणि तुरटीचे स्फटिक घेतले. तुरटीच्या स्फटिकात पाणी पुष्कळ बांधलेले असते, म्हणजे प्रोटॉनही पुष्कळ. स्फटिक अतिशय थंड करून, चुंबकात ठेवून, त्याने रेडिओलहरी सोडल्या. प्रोटॉनांनी शक्ती शोषली तर स्फटिक किंचित तापेल, ते मोजायचे, असा बेत. स्फटिक तापला नाही.

असे का व्हावे? येथे मला आपल्याकडच्या पंगतीचा दाखला आठवतो. वाढपी जिलबीचे ताट घेऊन उभा आहे. पण पानावर बसलेला माणूस आधीची जिलबीच संपवत नसेल, तर वाढप्याने वाढायचे कुठे? प्रोटॉनाने घेतलेली शक्ती भोवतालच्या स्फटिकाला देऊन मोकळे व्हायला हवे, तरच तो नवी घेणार. गॉर्टरचे स्फटिक फार शुद्ध होते आणि फार थंड होते. अशा स्फटिकात ही देवघेव विलक्षण मंद चालते. थोडी चुंबकीय भेसळ असती तर काम झाले असते! ज्या शुद्धतेसाठी प्रयोगशाळेत एवढा जीव टाकायचा, तीच आडवी आली.

पुढच्याच वर्षी, १९३७ साली, गॉर्टर न्यूयॉर्कला इसिडॉर राबी यांच्याकडे गेला आणि त्याने आपल्या फसलेल्या प्रयोगाची हकीकत त्यांना मोकळेपणाने सांगितली. राबी निर्वात नळीतून रेणूंचा झोत सोडून अणुकेंद्रांचे चुंबकत्व मोजत होते. गॉर्टरच्या बोलण्यातले मर्म त्यांनी उचलले, आणि १९३८ साली लिथियम क्लोराइडच्या झोतात अनुनाद सापडला. राबींनी निबंधात गॉर्टरचे ऋण मान्य केले, हे त्यांच्या सचोटीला धरून झाले. पण १९४४ चे नोबेल पारितोषिक राबींनाच मिळाले, हेही रीतीला धरूनच झाले. गॉर्टरने जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये १९४२ साली पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हात रिकामे. त्या निबंधाच्या मथळ्यातच त्याने लिहून टाकले की, घन पदार्थांत अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनाद पाहण्याचा प्रयत्न निष्फळ ठरला. हे नाव मिरवणाऱ्या अगदी पहिल्या निबंधांपैकी हा एक. बारशालाच सुतक, दुसरे काय! रशियातील काझान येथे झाव्हॉइस्कीलाही १९४१ च्या सुमारास असाच हुलकावणी देणारा अनुभव आला. खूण दिसे आणि पुन्हा पाहू जाता दिसत नसे. तो नाद सोडून तो इलेक्ट्रॉनांच्या अनुनादाकडे वळला आणि तेथे मात्र १९४४ साली त्याला यश आले.

महायुद्ध संपले तेव्हा रडारवर काम केलेल्या शास्त्रज्ञांच्या हाती रेडिओविद्येची उत्तम हत्यारे होती. हार्वर्डमध्ये एडवर्ड पर्सेल, हेन्री टॉरी आणि रॉबर्ट पाउंड हे तिघे दिवसा रडारविषयीच्या ग्रंथांचे लेखन करीत आणि संध्याकाळी हा उद्योग. चुंबक उसना आणलेला, विश्वकिरणांच्या प्रयोगातला. पदार्थ कोणता निवडावा? पर्सेलने मेण घेतले, साधे पॅराफिनचे मेण, ज्याच्या मेणबत्त्या होतात ते. सुमारे पाऊण किलो मेण एका पत्र्याच्या डब्यात ओतले. शक्तीची देवघेव किती मंद असेल याचा त्यांनाही धसका होताच, म्हणून मेण चुंबकात तासन् तास तसेच मुरत ठेवले. पहिली सबंध रात्र फुकट गेली. १९४५ सालच्या १५ डिसेंबरला, शनिवारी, ते पुन्हा बसले. चुंबकातील विजेचा प्रवाह हळूहळू बदलत जायचे आणि काट्याकडे पाहायचे, एवढेच काम. काटा ढिम्म. आता आवरते घ्यावे अशा विचारात त्यांनी प्रवाह शक्य तेवढा चढवला आणि उतरवू लागले, तो काटा हलला! त्यांचे गणित बरोबर होते, फक्त चुंबकाचे मोजमाप थोडे चुकले होते. आणि तासन् तास मुरवण्याची तर काहीच गरज नव्हती. मेणातले प्रोटॉन क्षणार्धात मोकळे होतात. मेणाने जे दिले, ते तुरटीने दिले नव्हते.

काही आठवड्यांतच, दूर कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला, फेलिक्स ब्लॉक, हॅन्सन आणि पॅकार्ड यांना हीच गोष्ट पाण्यात सापडली. दोन्ही मंडळींना एकमेकांचा पत्ता नव्हता. पर्सेल आणि ब्लॉक यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ते स्वीकारताना पर्सेल जे बोलला ते मला फार आवडते. या शोधानंतर घराच्या पायरीवर पडलेल्या बर्फाकडेही त्याला निराळ्या नजरेने पाहावे लागले म्हणे, कारण आता तो पृथ्वीच्या चुंबकत्वात मुकाट डोलणाऱ्या प्रोटॉनांचा ढीग दिसू लागला!

येथवरची कथा पदार्थवैज्ञानिकांची. त्यांना हवे होते ते एवढेच, की प्रत्येक अणुकेंद्राचे चुंबकत्व बिनचूक मोजावे आणि कोष्टक भरावे. त्यात एक विघ्न आले. १९५० साली स्टॅनफर्डलाच प्रॉक्टर आणि यू हे दोघे नायट्रोजनचे चुंबकत्व मोजत होते. नायट्रोजन भरपूर असलेला आणि पाण्यात सहज विरघळणारा पदार्थ म्हणून त्यांनी अमोनियम नायट्रेट घेतले, आपले शेतकरी खत म्हणून ओळखतात तेच. वर्णपटात एक रेषा दिसायला हवी होती, दिसल्या दोन. एकाच मूलद्रव्याचे एकच केंद्र आणि त्याचे ताल दोन? त्यांना हे मुळीच रुचले नाही. शेवटी उमगले की, त्या खतात नायट्रोजन दोन ठिकाणी बसलेला आहे. एकीकडे चार हायड्रोजन त्याला बिलगलेले, दुसरीकडे तीन ऑक्सिजन. भोवतीच्या इलेक्ट्रॉनांची छत्री केंद्रावर चुंबकाचा मारा थोडा अडवते. छत्री जशी लहानमोठी, तसा ताल किंचित खालीवर. म्हणजे केंद्राचा ताल शेजारपाजारावर अवलंबून! कोष्टक भरणाऱ्यांच्या दृष्टीने ही कटकट होती. रसायनज्ञांच्या दृष्टीने ही लक्ष्मी दारात आली होती. पण दार उघडायला त्यांना अजून वेळ लागला.

ते दार सताड उघडणाऱ्या निबंधावर एक नाव आहे, ते वाचून आपली मान अभिमानाने ताठ व्हावी. १९५१ साली आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी स्टॅनफर्डला अल्कोहोलाचा वर्णपट घेतला. चुंबकाचे क्षेत्र इतके एकसारखे साधले होते की एका रेषेच्या जागी तीन सुटल्या, आणि त्यांचे आकारमान एकास दोनास तीन. अल्कोहोलाच्या रेणूत एक हायड्रोजन ऑक्सिजनला लागून असतो, दोन एका कार्बनवर, तीन दुसऱ्या कार्बनवर. रेणूची जी आकृती रसायनशास्त्राच्या पुस्तकात आपण विश्वासाने मान्य करतो, ती रेणूने आपल्या तोंडाने सांगितली. ज्या काळात मुंबई राज्यात कडक दारूबंदी होती, त्याच काळात आपल्या एका माणसाने अल्कोहोलला असे बोलते करावे, ही मोठी गंमत!

हे एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईस आले आणि डॉ. भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी या विद्येची शाखा काढली. संस्था तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या वास्तूत होती; कुलाब्याच्या टोकाला ती १९६० नंतर गेली. बंगळूरला सूर्यन् यांनी १९५१ सालीच वाहत्या द्रवातील अनुनादाचे काम छापले होते आणि कलकत्त्याला साहा आणि दास यांनी १९५७ साली या विषयावर ग्रंथही सिद्ध केला. म्हणजे हे शास्त्र आपल्याकडे शिळे होऊन आले नाही, ताजेच आले. मुंबईच्या गटाने धातू आणि धातूंची संयुगे यांच्या अंतरंगात या मार्गाने शिरकाव केला, आणि पुढे प्रथिनांकडेही मोर्चा वळवला. गेटवेवर घारापुरीच्या लाँचची वाट पाहताना मी त्या जुन्या वास्तूकडे नेहमी पाहतो. बरोबरची मंडळी ताजमहाल हॉटेलकडे पाहत असतात.

प्रथिनांचे प्रकरण मात्र सोपे नव्हते. अल्कोहोलात हायड्रोजन सहा, तर लहानशा प्रथिनातही ते शेकड्यांनी. प्रथिन म्हणजे अॅमिनो आम्लांच्या मण्यांची एक लांब माळ. ती विशिष्ट तऱ्हेने दुमडून गुंडाळी होते, आणि त्या घडीवरच तिचे काम अवलंबून असते. १९५७ साली साँडर्स, विश्निया आणि कर्कवुड यांनी गुरांच्या स्वादुपिंडातील रायबोन्यूक्लिएज या प्रथिनाचा पहिला वर्णपट घेतला. १२४ मण्यांची माळ; आणि वर्णपटात दिसल्या काय, तर थोड्याशा बोडक्या टेकड्या. जत्रेत हजार माणसे एकदम बोलावीत आणि आपल्याला नुसता गलबला ऐकू यावा, तसे.

गलबल्यातून एकेक आवाज निवडायचा कसा? याचे उत्तर स्वित्झर्लंडच्या रिचर्ड अर्न्स्ट यांनी दिले. हे गृहस्थ तेरा वर्षांचे असताना त्यांना घराच्या माळ्यावर मृत काकांची रसायनांची पेटी सापडली, आणि घर शाबूत राहिले हेच नशीब, असे प्रयोग त्यांनी केले. पुढे अमेरिकेत वेस्टन अँडरसन यांच्यासह त्यांनी युक्ती काढली. तोवर रीत अशी होती की, पेटीची एकेक पट्टी दाबत जावे तसा एकेक ताल क्रमाने तपासायचा. अर्न्स्ट म्हणाले, पंजा टेकवून सगळ्या पट्ट्या एकदम दाबा, निघेल तो नाद टिपून घ्या, आणि कोणते सूर होते ते फूरिएच्या गणिताने मागाहून वेगळे करा. तासांचे काम क्षणांवर आले. हा निबंध एका नामांकित नियतकालिकाने दोनदा परत पाठवला. १९६६ साली तो दुसरीकडे छापला गेला. साभार परत आलेली पाकिटे जपून ठेवणाऱ्या आमच्या लेखकमित्रांनी ही तारीख टिपून ठेवायला हरकत नाही. १९९१ साली अर्न्स्टना नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा ते विमानात होते, आणि ती वार्ता त्यांना वैमानिकाने दिली.

दुसरी कल्पना बेल्जियमच्या झीनर यांची. १९७१ साली युगोस्लाव्हियातील एका उन्हाळी वर्गात त्यांनी सुचवले की वर्णपट एका ओळीत न मांडता नकाशासारखा दोन दिशांनी पसरावा. त्यांनी ती छापलीही नाही. अर्न्स्टच्या विद्यार्थ्याने ऐकली आणि झुरिचला नेली. तेथे अर्न्स्ट, कुर्ट व्यूथ्रिख आणि आपल्या बंगळूरचे अनिल कुमार यांनी १९८० साली प्रथिनांसाठी असा नकाशा काढण्याची रीत प्रसिद्ध केली की, त्यात परस्परांजवळ असलेल्या प्रोटॉनांच्या जोड्या ठिपक्यांच्या रूपाने दिसाव्यात. माळेतला पाचवा मणी साठाव्या मण्याशेजारी आला आहे असे कळले, तर घडी कशी पडली हे उलगडू लागते. रांगोळीचे ठिपके मिळाले. रेषा जोडायचे काम गणकयंत्राचे. १९८५ साली व्यूथ्रिख यांच्या गटाने वळूच्या वीर्यातील एका लहान प्रथिनाची सबंध घडी अशा रीतीने उलगडून छापली.

आणि पुष्कळांनी विश्वासच ठेवला नाही! प्रथिनाचा आकार पाहायचा तर त्याचा स्फटिक करून क्षकिरण सोडले पाहिजेत, पाण्यात विरघळलेल्या प्रथिनाचा आकार कसा सांगता, असा आक्षेप. तेव्हा तोड अशी निघाली की, टेंडामिस्टॅट नावाचे ७४ मण्यांचे प्रथिन घ्यावे. रॉबर्ट ह्यूबर यांनी क्षकिरणांनी आणि व्यूथ्रिख यांनी अनुनादाने त्याचा आकार स्वतंत्रपणे काढावा. एकाच मुलीच्या दोन पत्रिका दोन ज्योतिषांनी मांडाव्या तसे हे झाले. फरक एवढाच की, १९८६ साली या दोन पत्रिका जुळल्या. व्यूथ्रिख यांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मग गॉर्टरच्या घन पदार्थांचे काय झाले? तेथे आणखी एक अडचण होती. द्रवातले रेणू सतत कोलांट्या खातात, त्यामुळे शेजारच्या चुंबकांचे ओढाताणीचे परिणाम आपोआप एकमेकांना छेदतात आणि रेषा बारीक येते. स्फटिकातले अणू जागच्या जागी जखडलेले. म्हणून रेषा पसरट, फिसकटलेली. १९५८ साली वेल्समधील बँगोर येथे रेमंड अँड्र्यू, ब्रॅडबरी आणि ईड्स यांनी म्हटले, रेणू फिरत नसेल तर आपण सबंध स्फटिकच फिरवू. त्यांनी घेतला मिठाचा स्फटिक. चुंबकाच्या दिशेशी ५४ अंश ४४ मिनिटांचा कोन करून तो सेकंदाला शेकडो फेऱ्यांनी गरगरवला की सोडियमची फिसकटलेली रेषा सडसडीत होते. हाच कोन का, तर या कोनाला ओढाताणीची बेरीज गणिताने बरोबर शून्य होते. अमेरिकेत लोव यांनाही १९५९ साली स्वतंत्रपणे हेच सापडले. आज काही प्रयोगशाळांत टाचणीच्या डोक्याएवढ्या जाडीच्या नळ्या सेकंदाला एक लाखाहून अधिक फेरे घेतात.

या गरगरण्याने माती-दगडही बोलू लागले. तशी मातीची पणती, काच, सिमेंट, सगळा सिलिकॉनचाच संसार. सिलिकॉनच्या अणूंपैकी शेकडा पाचांहूनही थोड्या कमी अणूंचे केंद्र या कामाला उपयोगी पडते, तरी एस्टोनियाच्या एंडेल लिपमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली दाखवले की, सिलिकॉनच्या शेजाऱ्यांची खानेसुमारी त्या रेषांवरून करता येते. झिओलाइटमध्ये तर सिलिकॉनला शेजारी म्हणून अॅल्युमिनियम एकही नसेल, किंवा एक, दोन, तीन, चार असतील. त्या प्रत्येक परिस्थितीची रेषा वेगळी. झिओलाइट म्हणजे काय ते पुण्या-नाशकाकडच्या मंडळींना सांगायला नको. आपल्या काळ्या पाषाणाच्या खाणींत पोकळ्यांतून मोत्यासारखे चमकणारे जे स्फटिक सापडतात, त्यांतले पुष्कळसे हेच. बनवलेले झिओलाइट कपडे धुण्याच्या पावडरीत असतात, खनिज तेलाच्या कारखान्यात असतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने या द्रव्यांवर मोठे काम केले आहे.

१९६० साली इटलीत पिसा येथे भरलेल्या परिषदेत अँड्र्यू यांनी आपला फिरता स्फटिक सांगितला. श्रोत्यांत लायडेनचे प्राध्यापक गॉर्टर बसले होते. हा कोन जादूचाच आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले, आणि तेव्हापासून जगभर त्याला ‘जादूचा कोन’ म्हणतात. घन पदार्थांनी ज्याला दोनदा रिकाम्या हाताने परतवले, त्यानेच घन पदार्थांच्या कुलुपाच्या किल्लीला नाव दिले. १९६७ साली गॉर्टर यांनी एक लेख लिहिला, शोध लावण्याच्या प्रयत्नांतील दुर्दैवाविषयी. आपले निसटलेले शोध त्यात त्यांनी स्वतःच मांडले आहेत. असा लेख लिहायला काय छाती लागते, ते ज्याने त्याने आपापल्या मनाशी ताडून पाहावे.

झिओलाइटमधल्या अॅल्युमिनियमच्या रेषांच्या जागा मोजायच्या तर कुठून तरी शून्य धरावे लागते. त्यासाठी कित्येक प्रयोगशाळांतून पाण्यात तुरटी विरघळवून ठेवतात. तिची रेषा बारीक आणि ठळक येते.